तीन अंडी म्हणजे दोन

३ जानेवारी, रविवार

त्रेपन्न चारशे! लेकीने मला काट्यावर उभं करून आकडा असा मोठ्याने वाचला, जसं काही मी बटाट्याचं पोतंच. मागच्या उन्हाळ्यात अठ्ठावन्न होतो म्हणे. मग हिला उभं केलं. चव्वेचाळीस तीनशे. "आई, तुझंही काही फार नाही हं."

आणि मग हुकूम सुटला. काटा इथेच राहणार, न्हाणीघराच्या दाराशी. दर रविवारी ती येणार आणि वजन घेणार. बाबा बावन्नच्या खाली गेले किंवा आई त्रेचाळीसच्या खाली गेली – दोघांपैकी कोणीही! – की दोघांनाही ज्येष्ठ निवासात हलवायचं. नाव नोंदवून आलीये. माहितीपत्रकही आणलंय. गुळगुळीत कागद, सगळे म्हातारे दात काढून हसताहेत. तीन वेळा समोर उभं राहून खाऊ घालतात. मी बारीक अक्षर वाचलं. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, बारीक अक्षर सोडत नाही मी. पुरुषांचा मजला दुसरा. बायकांचा तिसरा. भेटायची वेळ दुपारी चार ते पाच!

"अठ्ठेचाळीस वर्षं एका खोलीत झोपतोय आम्ही," मी म्हणालो. "आणि आता चार ते पाच?"

"मग खा ना बाबा," लेक म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, म्हणून गप्प बसलो. नाहीतर बोलणार होतो चांगलंच.

सगळं त्या सोफ्यामुळे. गेल्या महिन्यात तिच्या नव्या सोफ्यावर बसलो आणि उठताच येईना. अर्धा तास "बसतो अजून जरा" म्हणत काढला. शेवटी जावई आणि त्याचा मित्र, दोघांनी दोन बाजूंनी धरून मुळा उपटावा तसा उपटला मला. तेव्हापासून पोरगी हात धुऊन मागे लागलीये.

४ जानेवारी, सोमवार

लेकीने धाडलेली आहारवाली बाई आली. फार तर तीस वर्षांची. "आजोबा, हात छातीशी घ्या आणि खुर्चीतून पाच वेळा उठून बसा." दोनदा उठलो. तिसऱ्यांदा खुर्चीच सोडेना. मी म्हणालो, ही खुर्ची प्रमाणित उंचीची नाही. तिने पिशवीतून टेप काढून मोजली! प्रमाणितच निघाली. आमच्या खात्यात असती तर पोरीने नाव काढलं असतं.

मग भाषण. म्हणे, म्हातारपणी कमी खावं हा गैरसमज. भूक कमी होते, गरज नाही. अंगावरचं मांस टिकवायला उलट तरुणांपेक्षा जास्त लागतं. चहा-टोस्टवर दिवस काढले की शरीर स्वतःलाच खायला लागतं. तहान लागेपर्यंत थांबू नका, म्हाताऱ्यांना तहान कळतच नाही! रोज दोन अंडी, दोन पेले दूध, वाटीभर दही, घट्ट डाळ, फळं, मूठभर दाणे. आणि दिवसातून दहा वेळा खुर्चीतून उठबस. सगळं छापील तक्त्यावर. फ्रिजच्या दारावर लावून गेली. एक माझा, एक हिचा.

जाता जाता विचारलं, "खाताना काही दुखतं-खुपतं का?"

"छे!" मी म्हणालो.

इथे लिहायला हरकत नाही. कवळी टोचते. खालची, डावीकडे. चार महिने झाले. सगळे नको नको म्हणत असताना मी ती ओळखीच्या माणसाकडून करून घेतली आणि वर सांगत सुटलो, "बघा, मूळच्या दातांपेक्षा सरस!" आता कुठल्या तोंडाने सांगू?

६ जानेवारी, बुधवार

तक्त्यात अंडी दोन. ताटात तीन!

हिला विचारलं. म्हणते, "अंडी लहान आलीयेत हो. तीनाची दोन धरायची."

तीनाची दोन! मी चौतीस वर्षं बाजारात ज्याच्यासाठी दंड ठोकला, ते माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच बायकोकडून! मी तिला प्रमाण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती पातेलं घासत राहिली. तिचं स्वतःचं ताट कुठेय विचारलं तर म्हणाली, "माझं करताकरताच झालं." या बायका उभ्या उभ्या कशा काय जेवतात कोण जाणे. जेवतात खऱ्या.

७ जानेवारी, गुरुवार

अंडं कवळीखाली गेलं की पिवळ्या बलकाचा लगदा नेमका टोचतं तिथे जाऊन बसतो. डोळ्यांत पाणी येतं. हिला वाटलं चव आवडली म्हणून भरून आलं!

शेवटी ही आत वळली तशी तिन्ही अंडी रुमालात गुंडाळली आणि "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून खाली गेलो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हवालदार पसरला होता. हवालदार म्हणजे खालच्या मजल्यावरच्या ट्रंपेटवाल्यांचा कुत्रा. ट्रंपेटवाले बँडमधून निवृत्त. त्याने तीन अंडी तीन घासांत संपवली. ढेकर दिला. इतक्या प्रेमाने माझ्याकडे कोणी बघितल्याला वर्षं झाली.

१० जानेवारी, रविवार

मी बावन्न सहाशे. लेकीचा चेहरा पडला. "बाबा, आठवड्यात आठशे ग्रॅम गेले! तुम्ही खाताय ना?"

"तीन-तीन अंडी खातायत," ही म्हणाली. खरंच वाटत असणार तिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

हिचं चव्वेचाळीस तीनशे. थंडी वाजते म्हणून जाड लोकरी जाकीट काढायला तयार नव्हती. लेक म्हणाली, मागच्या वेळीही तेच होतं, मग दर वेळी तेच घाल म्हणजे झालं. 

मी लेकीला म्हणालो, तुझा हा बटणवाला काटा काही कामाचा नाही. तिचं तिसरंच. मग मी तिला खात्यातला पहिला धडा सांगितला. आमचे मोठे साहेब म्हणायचे, खरा काटा थरथरतो, खरं वजन थोडं इकडेतिकडे होतंच. ज्या दुकानदाराचं माप दर वेळी तेच आणि अगदी बिनचूक भरतं, त्याच्या तागडीखाली आधी बोट घाला. काहीतरी चिकटवलेलं असतंच! लेक म्हणाली, "बाबा, दूध संपवा."

१४ जानेवारी, गुरुवार

ही भाजी आणायला गेली होती. हळूच काट्यावर चढलो. एक्कावन्न नऊशे!

पाचावर धारण बसली माझी. दोन वेळा उतरून पुन्हा चढलो. तेच. बनियन काढून ठेवलं की आणखी कमी. काय करू? खायला बसलो की टोचतं, टोचलं की चावता येत नाही, चावलं नाही की गिळवत नाही. आणि सांगायचं तर कवळीचं सांगावं लागणार. त्यापेक्षा निवास परवडला! नाही – नाही परवडत. हिला खोकला आला तर पाणी कोण देणार तिसऱ्या मजल्यावर? मला रात्री पाय दुखले तर कुरकुर कोणापाशी करायची? दुसऱ्या दिवशी चार वाजता?

काटा भिंतीपासून हातभर पुढे आलेला होता. ही केर काढताना सरकवते वाटतं. जागेवर ठेवला.

१५ जानेवारी, शुक्रवार

कपाटाच्या तळातून पेटी काढली. निरोपसमारंभात खात्याने दिलेली, पितळी वजनांची, आतून जांभळी मखमल. वरच्या कप्प्यात किरकोळ – पाचशे, दोनशेची दोन, शंभर, पन्नास. खालच्या कप्प्यात किलोची दोन आणि दोन किलोचं एक. खालच्यांना हात लावायची गरज नाही. वरची सगळी मिळून एक किलो पन्नास होतात, तेवढी पुरे. त्यावर जायला मी काही अट्टल गुन्हेगार नाही.

पँटच्या दोन्ही खिशांत वाटून भरली. काट्यावर चढलो. बावन्न नऊशे.

मी! ज्याने तागडीखालचं चिंचोक्याएवढं शिसं वासावरून ओळखलं! कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे.

१७ जानेवारी, रविवार

बावन्न नऊशे. लेकीने मला मिठी मारली. घट्ट! खिशातलं पाचशेचं तिच्या मांडीला लागलं असणार. "बाबा, हे काय कडक?"

"स्नायू," मी म्हणालो.

हिचं चव्वेचाळीस तीनशे. हिची तरी काळजी नाही. घड्याळासारखी बाई आहे.

१९ जानेवारी, मंगळवार

ट्रंपेटवाले वर आले. चेहरा उतरलेला. हवालदाराला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. दहा दिवसांत दीड किलो वाढलाय! डॉक्टर म्हणे, कोणीतरी याला गुपचूप काहीतरी भारी खाऊ घालतंय. असंच चाललं तर सांधे जातील, हृदयावर ताण येईल.

दीड किलो. माझेही तेवढेच गेलेत. म्हणजे इमारतीचं एकूण वजन जागच्या जागी आहे. माझ्यातल्या निरीक्षकाला क्षणभर बरंच वाटलं.

"साहेब," ट्रंपेटवाले हात जोडून म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर लबाड माणसं पकडलीत. एवढा एक चोर मला पकडून द्या."

नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं असतं तर संशय आला असता. चौकशी अधिकारी म्हणून नेमणूक स्वीकारली. हिने मधल्या काळात चहा दिला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

२० जानेवारी, बुधवार

चौकशी सुरू. जिन्यात खुर्ची टाकून बसलो, हातात वही. दूधवाल्याची जबानी घेतली. झाडूवालीची घेतली. "कुत्र्याला कधी अंडी दिलीत का?" विचारलं. झाडूवाली म्हणाली, "अंडी दिली असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

चूक झाली! डॉक्टर फक्त "काहीतरी भारी" म्हणाले होते. चोराच्या मनात चांदणं. मी घाईघाईने वहीत लिहिलं – "अंडी, दूध, मांस वगैरे काहीही."

पूर्ण वेळ हवालदार माझ्या पायावर बसून होता. डोळे माझ्या खिशाला लावून. ट्रंपेटवाले भारावून म्हणाले, "तुमच्यावर किती जीव आहे बघा त्याचा! त्यालाही कळतं, आपल्यासाठी कोण झटतंय ते."

२२ जानेवारी, शुक्रवार

अहवाल सादर. तीन पानी. निष्कर्ष – इसम बाहेरचा असावा.

२४ जानेवारी, रविवार

आज देवानेच वाचवलं. देवाने म्हणजे हिने.

काट्यावर बावन्न सातशे भरलो, खिशांसकट. उतरलो, खुर्चीकडे निघालो. तेवढ्यात दार ढकलून हवालदार आत! सकाळपासून अंडी मिळाली नव्हती ना, वसुलीला आला. सरळ माझ्या खिशात नाक. मी मागे, तो पुढे. टर्र! खिसा उसवला आणि पन्नास ग्रॅमचं वजन फरशीवर पडून खणखणत, गोल गोल फिरत थेट लेकीच्या पायापाशी जाऊन थांबलं.

"हे काय?" लेक.

मी उसवलेल्या खिशावर हात दाबून धरला.

"अगं, माझं ते," ही आतून म्हणाली. हातातलं काम न सोडता. "कापड कापताना दाबून ठेवायला घेते मी. यांच्या खिशात कसं गेलं बाई? काही म्हणता काही जागेवर ठेवत नाहीत!"

काय वेळ मारून नेली! तीस वर्षं गणवेशांच्या कारखान्यात शिवणकाम केलंय, कापडाचं बोलली की कोण शंका घेणार? लेकीने वजन उचलून शिवणाच्या डब्यात टाकलं. मग ही काट्यावर चढली. चव्वेचाळीस तीनशे.

हवालदार हिच्या जाकिटालाही नाक लावून हुंगत होता. हिने त्याला "हट" केलं. इतक्या जोरात हिला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

२५ जानेवारी, सोमवार

सकाळी पँट घडी करून उशाशी. खिसे दोन्ही नवे. दुहेरी कापड, तिहेरी टाके.

"चांगलं घट्ट शिवलंय," ही म्हणाली. "लोखंड ठेवलं तरी फाटायचं नाही आता."

हात घातला. आत पन्नास ग्रॅमचं वजन!

म्हणजे हिला माहीत आहे. सगळं माहीत आहे, आणि एक शब्द बोलली नाही. मी तिच्याकडे बघितलं, ती खिडकीबाहेर बघत होती. तिलाही चार ते पाच नको असणार. मला एकदम लग्नानंतरचे दिवस आठवले. माझ्या आईला चोरून दुपारी सिनेमाला गेलो होतो, तेव्हाही अशीच खिडकीबाहेर बघत होती. 

इतकं बरं वाटलं, की दूध संपवलं. दोन्ही पेले.

२७ जानेवारी, बुधवार

हवालदाराला डॉक्टरांनी पथ्य लावलंय. भोपळा, भात आणि डाळ, सगळं एकत्र मऊ शिजवून. दुपारी बाराला ट्रंपेटवाले वाडगं पायरीवर ठेवून झोपायला जातात. हवालदार त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. माझ्याकडे बघतो.

मी अंडी घेऊन खाली गेलो. (देऊ नयेत, कळतं मला. पण फेकायची कुठे? ही केराची टोपलीसुद्धा तपासते.) तो खात असताना वाडग्याचा वास आला. गरम वाफ. तुपाचा थेंब होता वाटतं.

कोणी बघत नव्हतं.

एक बोटभर चाटलं. मग दुसरं. मग – लिहूनच टाकतो – वाडगं मांडीवर घेतलं आणि संपवलं! टोचलं नाही! कुठेच टोचलं नाही. जीभ पुढे-मागे केली की झालं. आणि चव! चार महिने मला वाटत होतं माझी चवच गेली. चव नव्हती गेली. घास तिच्यापर्यंत पोचतच नव्हता.

२९ जानेवारी, शुक्रवार

रीतसर व्यवस्था बसली. बारा वाजता तो माझं खातो, मी त्याचं खातो. त्याला अंडी आता एकच देतो, सांध्यांसाठी. दोन मी मऊ डाळीत कुस्करून खातो – जातात की! आहारवाली बाई म्हणाली होती खरी, पदार्थ चाववत नसेल तर पदार्थ बदलू नका, रूप बदला. तेव्हा मी ऐकलं नव्हतं. बाळाचं खाणं वाटलं होतं ते मला. कुत्र्याचं चाललं! साठी बुद्धी नाठी म्हणतात, माझी तर शहात्तरी चालू आहे.

आज खुर्चीतून सात वेळा उठलो. हात न लावता.

ट्रंपेटवाले खूश. "साहेब, वाडगं चाटूनपुसून स्वच्छ करतो हल्ली!"

३१ जानेवारी, रविवार

बावन्न नऊशे. पितळ तेवढंच, तरी मागच्या रविवारपेक्षा दोनशे ग्रॅम जास्त! हिचं चव्वेचाळीस तीनशे.

लेक खूश झाली आणि मग म्हणाली, पुढच्या रविवारी शेवटचं वजन, पण इथे नाही. दवाखान्यात. तिथला मोठा काटा, अंगावर फक्त त्यांचा पातळ गाऊन. तिथे सगळं ठीक भरलं की निवासाचं नाव कायमचं रद्द.

हिच्या हातून पळी पडली. "नुसत्या गाऊनमध्ये? आतलं-बाहेरचं सगळं काढून?"

"आई, बायकाच असतात तिथे."

"तरीपण," ही म्हणाली. या वयातही लाजते.

३ फेब्रुवारी, बुधवार

खरं वजन एक्कावन्न नऊशे. शंभर ग्रॅम हवेत. चार दिवस आहेत. डाळ वाढवली. हवालदाराचं वाडगं तर आहेच. शेंगदाण्याचं कूट दह्यात. पाण्याच्या बाटलीवर खुणा करून घेतल्यात, अकरा वाजता इथपर्यंत, एक वाजता इथपर्यंत. खात्यातली शिस्त शेवटी.

ही आज खुर्चीतून उठताना टेबलाला धरून उठली. "पाय झोपला होता," म्हणाली.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

बावन्न दोनशे! रिकाम्या खिशांनी! बनियनवर!

तीनदा चढलो. बावन्न दोनशे, बावन्न एकशे, बावन्न दोनशे. थरथरतोय काटा, म्हणजे खरा आहे. मी न्हाणीघराच्या दारात चक्क नाचलो. जिंकलो! ना पुरुषांचा मजला, ना बायकांचा. उद्या वजनं पुसून पेटीत परत ठेवतो. आणि रविवारनंतर कवळीचंही सांगून टाकणार सगळ्यांना, हसायचं तर हसू देत.

हिला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. ही ओट्याला टेकून उभी होती. हसली. "मग आता तुमची काळजी नाही," म्हणाली.

६ फेब्रुवारी, शनिवार

वजनं ठेवायला पेटी उघडली. पुसायची म्हणून वरचा कप्पा उचलला. खाली किलोच्या दोन्ही खाचा रिकाम्या.

हिचं जाकीट खुर्चीवर होतं. उचललं तर हात खाली गेला. अस्तराच्या आतून दोन खिसे, दुहेरी कापड, तिहेरी टाके. डावीकडे एक किलो, उजवीकडे एक किलो. आणि एक बटणांची पिशवी, किरकोळ फरक भरून काढायला. पाच रविवार चव्वेचाळीस तीनशे, आणि मी घड्याळासारखी बाई म्हणत बसलो! गाढव आहे मी.

काट्यावर उभं केलं तिला, रिकामं जाकीट घालून. बेचाळीस. विचारलं, तिसरं अंडं तुझं होतं का? "तिसरं कुठलं," म्हणाली, "सुरुवातीपासून माझी दोन्ही तुम्हालाच. तुमचं एक मी ठेवायची, संशय नको म्हणून. तेही मग संध्याकाळच्या तुमच्या डाळीत." म्हणजे पहिले तीन आठवडे तिच्या तोंडचा घास मी कुत्र्याला घातला. सांगितलं तिला ते. वाडग्याचंही सांगितलं. आधी हसली, मग रडली. मीही रडलो.

लेकीला फोन केला. दोघांचेही आकडे सांगितले, खरे. म्हणालो, उद्यापर्यंत थांबू नकोस, आत्ता ये, आईला डॉक्टरकडे न्यायचंय. मजले वेगळे तर वेगळे.

दोन अंडी उकडून तिच्या पुढ्यात ठेवलीयेत. दोन म्हणजे दोन. ती खातेय आणि मी समोर बसून हे लिहितोय. एक झालं. दुसरं माझ्या ताटात सरकवत होती, मी परत सरकवलं.